पोलिसांची अंधारखोली



पोलिसांचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे दंडुका, शिट्टी आणि बेडी एवढ्याच वस्तू येतात. फार तर एखाद्या कर्तबगार फौजदाराची आणि त्याने पकडलेल्या नामांकित दरोडेखोराची गोष्ट आपण ऐकलेली असते. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे तिची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती वस्तू म्हणजे एक लहानशी खोली आहे आणि तिला खिडकी नाही. छायाचित्राची काच किंवा फिल्म धुण्याची ही खोली. फोटोग्राफर तिला डार्करूम म्हणत; आपण अंधारखोली म्हणू. बाजारात फोटो धुऊन देणारी दुकाने असताना पोलिसांना स्वतःची निराळी खोली का लागली, तिच्यात काय चाले, आणि ती बंद पडल्यावर तिचे काम कोणाकडे गेले, एवढ्या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतात. पण माणूस दोषी ठरतो की निर्दोष सुटतो, हे पुष्कळदा ज्या धाग्यावर अवलंबून असते तो धागा याच खोलीतून गेलेला आहे.

आरंभ आपल्या चिंचवडपासूनच करता येतो. २२ जून १८९७ रोजी रात्री पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे आपणांपैकी प्रत्येकास पाठ आहे. त्यानंतरचा तपास कसा झाला याचा मात्र आपण थोडा विचार करू. सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस लावले. बक्षिसाच्या आशेने द्रविड बंधूंनी माहिती दिली, तीवरून दामोदरपंत पकडले गेले, आणि पुढे त्यांनी स्वतःच कबुलीजबाब दिला. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास त्यांना फाशी झाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या, आणि मे १८९९ मध्ये वासुदेव, रानडे व बाळकृष्ण हेही फासावर गेले. या हकीकतीचे राजकीय मोल सांगण्याची ही जागा नव्हे. आपल्या विषयापुरते एवढेच लक्षात घ्यावयाचे की, त्या काळी तपासाचा कणा म्हणजे माणसाची जीभ होती. खबऱ्याची जीभ आणि कबुली देणाऱ्याची जीभ. वस्तू बोलत नव्हत्या. किंवा असे म्हणू की, त्यांचे बोलणे ऐकण्याची विद्या अजून आपल्याकडे आलेली नव्हती.

योगायोग असा की, ती विद्या त्याच महिन्यात हिंदुस्थानच्या कारभारात शिरत होती. रँडवर गोळी झाडली गेली त्याच्या दहाच दिवस आधी, १२ जून १८९७ रोजी, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाने बोटांच्या ठशांवरून गुन्हेगारांची नोंद ठेवण्याच्या शिफारशीस मान्यता दिली. त्याच वर्षी कलकत्त्यास अंगुलिमुद्रांचे कार्यालय निघाले. त्याला नाव एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याचे मिळाले. परंतु दहा बोटांच्या ठशांचे १०२४ खणांत वर्गीकरण करण्याचे गणित बसविण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली अंमलदारांचा मोठा वाटा होता, हे आता सर्वमान्य आहे.

ओळख पटविणे हा राज्यकर्त्यांपुढचा जुनाच प्रश्न. जुन्या काळी आपल्या खेड्यात तो फारसा पडत नसे. पाटील, चौगुला, रामोशी, जागल्या यांना गावातला प्रत्येक चेहरा ठाऊक. परका माणूस वेशीत शिरला की संध्याकाळपर्यंत त्याची बातमी चावडीवर पोहोचे. माणूस गाव सोडून हिंडू लागला, शहरे वाढली, आणि चेहरा ओळखणारा कोणी उरला नाही. मग राज्यकर्त्यांनी नाना उपाय केले. कंपनी सरकारच्या बंगालात जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदून टाकीत. ही क्रूर चाल १८४९ साली कायद्याने बंद झाली. युरोपात फोटोग्राफीचा शोध १८३९ साली जाहीर झाला, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉक्टर भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातील नामांकित सभासदांपैकी एक. म्हणजे ही कला आपल्याकडे उशिरा आली असे म्हणता येणार नाही. पॅरिसच्या पोलीस कचेरीत अल्फोन्स बर्तियाँ याने १८८३ च्या सुमारास शरीराची अकरा मापे आणि समोरून व बाजूने घेतलेली दोन छायाचित्रे अशी पद्धत बसविली. पुढे मापे मागे पडली, बोटांचे ठसे पुढे आले. पण समोरून आणि बाजूने फोटो घेण्याची ती रीत आजही प्रत्येक ठाण्यात चालू आहे.

बोटांचे ठसे आले तेव्हा फोटोची गरज संपेल असे कोणास वाटणे साहजिक होते. घडले ते उलटेच. आरोपीच्या बोटाला शाई लावून कागदावर ठसा घेता येतो. त्याला कॅमेरा लागत नाही. परंतु चोराने कपाटाच्या काचेवर, तिजोरीच्या दारावर किंवा पाण्याच्या पेल्यावर नकळत ठेवलेला ठसा हा घामाचा एक पुसट थर असतो. पूड टाकल्यावाचून तो दिसत नाही, आणि हात लागला की नाहीसा होतो. काच काढून नेता येईल, भिंत कशी नेणार? १८९८ साली बंगालात जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनात बंगाली पंचांगावर उमटलेला रक्ताचा ठसा उपयोगी पडला. पंचांग ही उचलून नेण्यासारखी वस्तू होती. तरीही न्यायाधीशांनी त्या ठशावरून आरोपीस चोरीपुरतेच दोषी धरले, खुनाबद्दल नव्हे. चार वर्षांनी, १९०२ मध्ये, लंडनला एका घरफोडीत नव्याने रंग दिलेल्या खिडकीच्या चौकटीवर अंगठ्याची खूण सापडली. स्कॉटलंड यार्डच्या कॉलिन्स या सार्जंटाने तिचे छायाचित्र घेतले, आणि त्या छायाचित्राच्या बळावर हॅरी जॅक्सन नावाच्या चोरास सात वर्षांची शिक्षा झाली. चौकट जागच्या जागी राहिली. कोर्टात गेले ते तिचे चित्र. पोलीस तपासात कॅमेऱ्याची खरी प्रतिष्ठा वाढली ती अशा कामाने. तोवर कॅमेरा चेहरे टिपणारा होता, आता तो पुरावा टिपणारा झाला. १९०९ साली स्वित्झर्लंडातील लोझान येथे रुडॉल्फ राइस या रसायनशास्त्रज्ञाने पोलिसी शास्त्राची संस्था काढली, तिचाही पाया छायाचित्रणच होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चित्र घेतले, ठीक. ते बाजारातल्या दुकानात का धुऊन घेऊ नये?

पहिले कारण कायद्याचे. १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यात छायाचित्राचा उल्लेख आहे, ही गोष्ट वकिलांखेरीज फारशी कोणास ठाऊक नसते. मूळ दस्तऐवजाचा फोटो हा दुय्यम पुरावा म्हणून चालेल, पण जिचा फोटो काढला ती वस्तू मूळच होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे त्या कायद्याच्या ६३ व्या कलमातील उदाहरण सांगते. १८९९ मध्ये त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात अंगुलिमुद्रांच्या तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरण्याची दुरुस्ती झाली. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे अंधारखोलीची आवश्यकता आपोआप सिद्ध होते. तज्ज्ञ ज्या मोठ्या केलेल्या चित्रावर मत देतो ते चित्र त्याच घरातल्या त्याच काचेवरून निघाले, मध्ये बदलले नाही, हे शपथेवर कोणी सांगावयाचे? काच चार हातांतून गेली असेल तर चौघांना साक्षीस आणावे लागेल, आणि चौघांपैकी एकजण जरी अडखळला तरी आरोपीच्या वकिलाचे काम झाले. ज्याने काच भरली, त्यानेच चित्र घेतले, त्यानेच धुतली आणि त्यानेच छापली, असा एकच माणूस पिंजऱ्यात उभा राहिला म्हणजे साखळी आखूड होते. आखूड साखळीत कच्चा दुवा कमी.

दुसरे कारण कलेचे आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. गावातल्या स्टुडिओवाल्याचा धंदा गिऱ्हाइकाला खूष करण्याचा. लग्नाच्या मुलीचा फोटो असला की तो निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवी, म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या कमी करी. या कामाला रिटचिंग म्हणत, आणि ज्याचा हात त्यात बसला तो कसबी ठरे. पोलिसांच्या कामात हीच करामत म्हणजे गुन्हा. तेथे एक रेघ वाढली वा एक रेघ पुसली तर बोट दुसऱ्याचे होईल. एकाचे काम सुंदर करण्याचे, दुसऱ्याचे जसे आहे तसे ठेवण्याचे. दोन्ही कामे एकाच हाताला लावणे जोखमीचे होते. आणखी एक साधी चूक पाहा. निगेटिव्ह यंत्रात उलट्या बाजूने बसली तर छापलेले चित्र आरशातल्यासारखे येते. माणसाच्या फोटोत भांग डावीकडचा उजवीकडे गेल्याने कोणाचे बिघडत नाही. बोटाच्या ठशात मात्र डावीकडे वळणारा फास उजवीकडे वळतो, आणि खऱ्या चोराचा ठसा त्याच्याच ठशाशी जुळेनासा होतो. ही चूक पकडण्यास फोटोग्राफी येणे पुरेसे नाही. ठशांचे ज्ञानही पाहिजे. म्हणून ठसे पाहणारा आणि काच धुणारा एका छपराखाली आले.

तिसरे कारण अब्रूचे. घातपाताच्या जागेची, प्रेतांची, अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रियांची चित्रे बाजारातल्या दुकानात वाळत पडणे कोणत्याही सभ्य समाजास शोभणारे नाही. अशा पीडित स्त्रीची ओळख उघड करणे हा १९८३ साली कायद्याने गुन्हाच ठरला. ज्या खटल्याच्या निकालावरून देशभर गहजब होऊन बलात्काराचा कायदा त्या वर्षी बदलला, तो खटला आपल्याच राज्यातील देसाईगंजचा होता.

सरकारने स्वतःच्या कामासाठी स्वतःची अंधारखोली बाळगावी ही कल्पना पुण्यास नवी नव्हती. जमीनमोजणीचे नकाशे छायाचित्राने लहानमोठे करून जस्ताच्या पत्र्यावर उतरविण्याची कला १८६० च्या सुमारास इंग्लंडात निघाली, आणि त्याच शतकात ती पुण्यास येऊन पोहोचली. पुण्याच्या मोठ्या टपालकचेरीजवळ असलेला सरकारी ‘फोटोझिंको’ छापखाना तिची आठवण राखून आहे. शेताच्या बांधाची रेघ जशी बाहेरच्या माणसाच्या हाती सोडता येत नाही, तशीच बोटावरची रेघही. १९०२-०३ च्या फ्रेझर कमिशनने प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषणाचे स्वतंत्र खाते असावे अशी शिफारस केली, आणि त्या धोरणाने आपल्या इलाख्यातही ते खाते उभे राहिले. महाराष्ट्राच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्य ठाणे आजही पुण्यासच आहे. अंगुलिमुद्रा तपासणारे आणि हस्ताक्षरे व संशयित दस्तऐवज पाहणारे सरकारी तज्ज्ञ याच विभागाकडे असतात. या दोन्ही शास्त्रांचे काम मोठ्या केलेल्या छायाचित्रावाचून एक पाऊलही पुढे जात नसे.

आता क्षणभर त्या खोलीत शिरू. दार बंद, वर तांबडा दिवा. जुन्या काचांना तांबडा प्रकाश दिसत नसे, म्हणून तो चाले. पुढे सर्व रंग टिपणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक फिल्मा आल्या तेव्हा तोही मालवावा लागला आणि सगळे काम हाताच्या अंदाजाने करणे आले. ओळीने तीन तबके. पहिल्यात डेव्हलपर, म्हणजे मेटॉल आणि हायड्रोक्विनोन यांचे पाणी. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारांना ते काळे करते. दुसऱ्यात क्षणभर आंबट पाणी. तिसऱ्यात हायपो, प्रकाश न लागलेले क्षार ते विरघळवून टाकते. हायपोचा हा गुण हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ सालीच पाहून ठेवला होता. त्यानंतर वाहत्या पाण्यात निगेटिव्ह निदान अर्धा तास धुवावयाची. हे धुणे सर्वांत कंटाळवाणे, आणि म्हणून सर्वांत महत्त्वाचे. हायपोचा अंश मागे राहिला तर चार-सहा वर्षांनी चित्र पिवळे पडून विरू लागते. आणि आपल्याकडे खालच्या कोर्टापासून वरच्या कोर्टापर्यंत अपील पोहोचण्यास तेवढी वर्षे सहज लागतात. फाशीची शिक्षा झालेल्या माणसाचे अपील चालू असताना त्याच्याविरुद्धचा पुरावा फायलीत पुसट होत जावा, याहून मोठी शोकांतिका कोणती?

पुस्तकांतली कृती थंड देशांची. द्रावणाची उष्णता सुमारे २० अंश सेल्सिअस असावी असे त्यांत लिहिलेले असे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यास नळाचेच पाणी त्याहून गरम येते. तेव्हा फिल्मवरचा सरसाचा थर मऊ पडतो, सुरकुततो, कडेने सुटतो. म्हणून तबकाखाली बर्फ ठेवणे, पहाटे काम करणे, थर घट्ट व्हावा म्हणून हायपोत तुरटी घालणे, असे उपाय आपल्याकडचे लोक करीत. चित्र तयार झाले की ठसा मापात आहे की नाही ते पाहावयाचे. ठशाचे छायाचित्र मूळ आकाराएवढे घेण्याची रीत असे, आणि शेजारी मोजपट्टी ठेवावयाची. मग कोर्टासाठी ते पाचपट किंवा अधिक मोठे करून, घटनास्थळाचा ठसा डावीकडे आणि आरोपीचा उजवीकडे लावून, रेघ कोठे संपते, कोठे फुटते, ते आकडे घालून दाखवावयाचे. न्यायाधीशाने डोळ्यांनी पाहावे आणि स्वतःची खात्री करून घ्यावी, हा त्यातला हेतू.

अर्थात ही व्यवस्था मुख्य ठाण्यांपुरती होती. तालुक्याच्या गावी खून झाला की फौजदार पेठेतल्या फोटोग्राफरला बोलावणे पाठवी, तो आपला कॅमेरा घेऊन पंचनाम्यास येई, आणि पुढे साक्षीचे समन्स आले की दुकान बंद ठेवून कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर बसे. या साध्या माणसांनी न्यायाचे पुष्कळ काम केले आहे, हे मान्य केले पाहिजे. तरी त्यांचे दुकान म्हणजे पोलिसांची अंधारखोली नव्हे. पुढे रंगीत फिल्म आली, आणि पोलिसांनाही पुन्हा बाजाराची पायरी चढण्याची पाळी आली. काळीपांढरी फिल्म तीन तबकांत धुता येई. रंगीत फिल्मला सुमारे ३८ अंशांचे, अंशाच्या अपूर्णांकापर्यंत सांभाळलेले द्रावण आणि महागडे यंत्र लागे. ते यंत्र पेठेतल्या कलर लॅबमध्ये असे. रंग आला आणि साखळी पुन्हा लांबली, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथवर मी त्या खोलीचे गुण सांगितले. परंतु बंद दाराला दोन बाजू असतात. बाहेरचा माणूस आत येऊन काच बदलू शकत नाही, हे खरे. आतल्या माणसाने बदलली तर? जो पकडतो त्याच्याच ताब्यात पुरावा, आणि जो पुरावा तयार करतो त्याचा वरिष्ठ तोच पकडणारा, ही स्थिती निर्धास्तपणे झोप लागावी अशी नाही. इतिहास पाहिला तर ही भीती पोकळ नव्हती. १८७१ च्या आणि पुढे १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. १९११ च्या कायद्याने तर त्या जमातीच्या नोंदलेल्या कोणाही माणसाचे बोटांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा दिली. त्याने काही केले आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. सोलापूरच्या काटेरी तारांआडच्या वसाहतीत माणसे पिढ्यान्‌पिढ्या अशी नोंदीत जगली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, म्हणून त्या समाजांना आपण विमुक्त म्हणतो. शास्त्र तेच, शाई तीच, कागद तोच. पण आधी गुन्हा आणि मग ठसा हा क्रम उलटला की शास्त्राचा छळ होतो.

उलटपक्षी, परकीय सरकारच्याच अमलात १९२० साली झालेल्या एका कायद्याचे स्मरण केले पाहिजे. कैद्यांची ओळख पटविण्याच्या त्या कायद्यात सातवे कलम होते. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला किंवा सोडून दिला गेला, तर त्याची मापे आणि छायाचित्रे, निगेटिव्ह आणि प्रती दोन्ही, कोर्टाने वेगळा हुकूम दिला नसेल तर नष्ट करावीत किंवा त्याच्या स्वाधीन करावीत, असे त्यात म्हटले होते. निगेटिव्ह हा शब्द कायद्यात घालणाऱ्यास अंधारखोलीचे मर्म कळले होते. प्रत फाडून उपयोग नाही. मूळ काच शिल्लक असेल तर हव्या तेवढ्या प्रती पुन्हा निघतात. काच फुटली म्हणजेच माणूस खऱ्या अर्थाने सुटला.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ साली ठरविले की, बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे घटनेच्या विसाव्या कलमाने वर्ज्य केलेली स्वतःविरुद्धची साक्ष नव्हे. निकाल लागला तोवर मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात होऊन गेले होते. ठसा घेणे मान्य झाले. पण तो कसा घ्यावा आणि कसा जपावा याबाबत न्यायालये ढिलाई खपवून घेत नाहीत. राजस्थानातील एका खटल्यात पितळी लोट्यावरचा ठसा आरोपीचा असल्याचे तज्ज्ञाने सांगितले होते. तथापि लोटा तज्ज्ञाकडे पोहोचेपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही हे पोलिसांना दाखविता आले नाही, आणि नमुन्याचे ठसेही दंडाधिकाऱ्यासमोर घेतलेले नव्हते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या पुराव्यावर विसंबण्याचे नाकारले. तज्ज्ञाचे शास्त्र बिनचूक असेलही; शास्त्रापर्यंतची वाट मात्र अंधारात होती.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. अंधारखोलीचे खरे मोल तिच्या भिंतींत नव्हते, तिच्या दाराशी ठेवलेल्या वहीत होते. कोणती काच, कोणत्या गुन्ह्यातली, कोणी आणली, केव्हा धुतली, कोणी नेली. वही चोख असेल तर खोली पोलिसांची असूनही विश्वासाची. वही कोरी असेल तर खोली कितीही बंदोबस्तात असो, ती संशयाचीच. याच विचाराने न्यायसहायक प्रयोगशाळा तपासी अंमलदाराच्या हाताखाली न ठेवता वेगळ्या संचालनालयाकडे दिल्या आहेत. पुण्याची अशी प्रादेशिक प्रयोगशाळा गणेशखिंडीस आहे. ज्या गणेशखिंडीच्या रस्त्यावर १८९७ चा तपास खबऱ्याच्या शोधात फिरत होता, तेथेच आज मुक्या वस्तूंची जबानी घेतली जाते.

आता आपल्या भागाकडे वळू. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पिंपरीच्या माळाचे रूप पालटण्यास आरंभ केला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. आणि गेल्या तीसएक वर्षांत फिरंगोजी नरसाळ्याच्या चाकणभोवती मोटारींचे कारखाने उभे राहिले. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, कोठकोठून माणसे येथे पोटासाठी आली. एका चाळीत दहा जिल्ह्यांची दहा बिऱ्हाडे, आणि शेजाऱ्याला शेजाऱ्याचे गाव ठाऊक नाही. ज्या समाजात कोणी कोणास चेहऱ्याने ओळखत नाही, तेथे छायाचित्र आणि ठसा यांवरच भिस्त ठेवावी लागते. आणि तेथेच परक्या मजुरावर सर्वांत आधी संशय जातो. म्हणून हा विषय मुंबई-दिल्लीपेक्षा पिंपरी-चाकणला अधिक जवळचा आहे.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही ठाणी त्यात आली. पोलीस खात्याच्या इतिहासात हे आयुक्तालय नव्या युगाचे अपत्य म्हणावे लागेल, कारण ते जन्मले तेव्हा फिल्मचा काळ संपला होता. ‘इंदू’ नावाच्या फिल्मा काढणारा उटीचा सरकारी कारखाना मोडकळीस येऊन बंद पडला होता. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीनेही २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला होता. आता हवालदाराच्या खिशातला मोबाईल हाच कॅमेरा आणि तीच अंधारखोली. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे अमलात आले. त्यांनी झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले, आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत शास्त्रीय तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असा नियम घातला, मात्र तो लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली.

बर्फ, तुरटी आणि हायपो यांची कटकट गेली, ही आनंदाचीच गोष्ट. पण निगेटिव्ह गेली त्याबरोबर ‘मूळ’ ही कल्पनाही डळमळली. काच एक असे, ती हातात धरता येई. मोबाईलमधल्या चित्राचे मूळ कोणते आणि प्रत कोणती? या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात २०२० साली लागला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्या यंत्रात चित्रण झाले ते मूळ यंत्रच कोर्टात हजर करा, नाही तर कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र द्या. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमाने त्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ म्हणून एक लांबलचक आकडा लिहावयास लावला आहे. चित्रातला एक ठिपका जरी बदलला तरी तो आकडा बदलतो. ही जुनी लाखेची मोहरच म्हणा. मोहर फुटली की लखोटा उघडला गेला हे कळावे, तसे. मात्र मोहर केव्हा लावली, कोणासमोर लावली, हे मोहर स्वतः सांगत नाही. त्याला वहीच लागते, आणि वही लिहिणारा प्रामाणिक माणूस लागतो.

१९२० चा कायदाही आता राहिला नाही. २०२२ च्या नव्या कायद्याने ठसे आणि छायाचित्रे यांच्या जोडीस डोळ्यांच्या बुबुळांचे चित्रण, शरीराचे नमुने, सही आणि हस्ताक्षर यांची भर घातली, आणि ही माहिती पंचाहत्तर वर्षे जतन करण्यास सांगितले. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस शेवटच्या अपिलापर्यंत निर्दोष ठरला तर त्याची नोंद नष्ट करावी, कोर्टाने अन्यथा सांगितले नसल्यास, ही तरतूद त्यातही आहे. शब्द जवळपास तेच. पण काच दगडावर आपटून फोडता येत असे, आणि फुटलेली डोळ्यांनी दिसत असे. दिल्लीच्या यंत्रात साठविलेली आणि तेथून अनेक ठाण्यांत पाहता येणारी नोंद पुसली गेली, हे सुटलेल्या मजुराला कोणी आणि कसे दाखवावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांपेक्षा नागरिकांनी मागितले पाहिजे, कारण ती नोंद उद्या कोणाचीही असू शकते.

नागरिकांनी, असे मी म्हणतो ते उगीच नव्हे. आपल्या न्यायपद्धतीत पंच म्हणून जो माणूस झडतीच्या वेळी उभा राहतो तो आपल्यातलाच असतो. किराणा दुकानदार, कारखान्यातला फिटर, शाळेतला मास्तर. पोलिसांनी पंच म्हणून बोलावले की आपण मागल्या दाराने पसार होतो, आणि गेलोच तर न वाचता सही ठोकून मोकळे होतो. पुढे तो खटला मोडला की ‘पोलिसांनी पैसे खाल्ले’ म्हणून गप्पा मारण्यास आपण पुन्हा हजर. अंधारखोलीत बाहेरच्या माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून तिच्या वहीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. मोबाईलवरचे चित्रण उघड्यावर, आपल्या डोळ्यांदेखत होते. कोणती वस्तू कोठे सापडली, चित्रण केव्हा सुरू झाले आणि केव्हा थांबले, वस्तूवर मोहर आपल्यासमोर लागली की नाही, हे पाहण्याचा पंचाला अधिकार आहे, आणि कोर्टात तेवढेच खरे सांगण्याचे त्याचे कर्तव्य आहे. हे काम चोख करणारे शंभर पंच या शहरात तयार झाले तर निरपराध माणसाला त्यांचा जितका आधार होईल, तितकाच प्रामाणिक फौजदारालाही.